परदेशात रोकड काढायचे कार्ड : निघण्यापूर्वी नगरातच पारखून घ्या

हजला किंवा उमऱ्याला निघालेल्या माणसाच्या घरी शेवटच्या आठवड्यात कशी धावपळ असते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. इहरामच्या चादरी आल्या का, औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून लिहून घेतली का, लोणच्याची बरणी बॅगेत बसते का, नात्यागोत्यातल्या कुणाची माफी मागायची राहिली का, या सगळ्याची चौकशी होते. निरोपाला आलेला प्रत्येक जण दुआची विनंती करून जातो. पण "तिकडे पैसे कसे काढणार?" हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. विचारलाच तर "मुलाने कार्ड दिले आहे" एवढ्या उत्तराने सगळ्यांचे समाधान होते. ते कार्ड कोणत्या बँकेचे, परदेशात चालते का, चालले तर किती कापून घेते, याची माहिती मुलालाही नसते आणि बापालाही नसते.

आमच्या मते हा प्रश्न आता टाळण्यासारखा राहिलेला नाही, कारण २०२३ पासून परिस्थिती बदलली आहे. त्यापूर्वी हज कमिटी ऑफ इंडियाच्या मार्फत जाणाऱ्या हाजींकडून रक्कम भरून घेतली जाई आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या हातात २१०० रियाल रोख पडत. खर्चाची किमान सोय त्यात होऊन जाई. २०२३ च्या हजपासून ही सक्ती काढून टाकण्यात आली. ज्याला जितके हवे तितके परकीय चलन त्याने स्वतः घ्यावे, असे ठरले आणि स्टेट बँकेमार्फत रोख रियाल किंवा फॉरेक्स कार्ड घेण्याची सोय ठेवण्यात आली. निर्णय चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. ज्याला २१०० रियाल नको होते त्याचे पैसे वाचले. पण जी जबाबदारी कमिटी उचलत होती ती हाजींच्या खांद्यावर आली, आणि ती पेलण्याची तयारी आपण, म्हणजे समाजाने, करून दिली नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळात पैशाची व्यवस्था वेगळी होती. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने केवळ हाजींसाठी म्हणून वेगळ्या नोटा काढल्या होत्या. दहा आणि शंभर रुपयांच्या या नोटांच्या क्रमांकाआधी इंग्रजी 'एचए' ही अक्षरे असत आणि त्या हिंदुस्थानात चालत नसत. तिकडे सौदी सरकारनेही १९५३ साली परदेशी हाजींसाठी दहा रियालच्या हाजी पावत्या काढल्या होत्या, कारण चांदीचे रियाल पोत्याने वाहून नेणे शक्य नव्हते. पुढे प्रवासी धनादेश आले आणि तेही आता जवळपास संपले. हाजीच्या पैशाचा बंदोबस्त कुणीतरी दुसऱ्याने करायचा, ही सवय मात्र आपल्याला तेव्हापासून लागली ती लागलीच.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही उमऱ्याला गेलो तेव्हाची गोष्ट सांगतो. आमच्या तांड्यात नगर, राहुरी आणि श्रीरामपूरची मंडळी होती. त्यांत एक वयस्कर फळांचे व्यापारी होते. चाळीस वर्षे मार्केट यार्डात व्यापार, शब्दाला जागणारा माणूस, कुणाचा पै-पैसा कधी थकवला नाही. त्यांनी बरोबर रियाल थोडेच आणले होते, कारण मुलाने एटीएम कार्ड दिले होते आणि खात्यात चार लाखांच्या वर रक्कम होती. मक्केत तिसऱ्या दिवशी त्यांनी कार्ड यंत्रात घातले. यंत्राने ते परत दिले. दुसऱ्या यंत्रावर गेलो, तिथेही तेच. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "अब्बा, कार्ड परदेशासाठी सुरू करायला लागते, मी मोबाईलवरून करतो." पण त्यासाठी लागणारा सांकेतिक क्रमांक खात्याला जोडलेल्या मोबाईलवर येणार, आणि तो मोबाईल अब्बांच्या खिशात मक्केत, सिमकार्ड बंद पडलेले. बँकेच्या शाखेत मुलगा दोन दिवस खेटे घालत राहिला. इकडे त्या गृहस्थांनी दोन वेळा जेवायला खाली येण्याचे टाळले, भूक नाही म्हणाले. आमच्या लक्षात आले तेव्हा आम्ही तीनशे रियाल पुढे केले. घेताना त्यांची मान खाली गेली. खात्यात चार लाख असलेल्या माणसाला परमुलखात उसने घ्यावे लागले, ते एका छोट्या बटणापायी. बँकेचे नाव आम्ही देत नाही, कारण चूक एकट्या बँकेची नव्हती.

हे बटण काय आहे ते आधी समजून घ्या. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तो लागू झाला. त्यानुसार नवे किंवा बदलून मिळालेले प्रत्येक कार्ड फक्त भारतातील एटीएम आणि दुकानातील यंत्र यांच्यासाठीच सुरू असते. परदेशी वापर खातेदाराने स्वतः मागून सुरू करून घ्यायचा. कार्डाचा गैरवापर रोखण्यासाठी हा नियम केला आणि तो योग्यच आहे. मोबाईल ॲप, एटीएम किंवा शाखा, कुठूनही ते करता येते. मर्यादाही तिथेच ठरवता येते, म्हणजे दिवसाला किती काढता यावेत ते. हे काम नगरातल्या आपल्या घरी बसून पाच मिनिटांचे आहे. मक्केत बसून ते दोन दिवसांचे होते. सोबत नेणाऱ्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंगही याच वेळी सुरू करून घ्या, नाहीतर बँकेचा निरोप तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

पण बटण सुरू करण्याच्या आधीचा प्रश्न असा की, कार्ड मुळात परदेशात चालणारे आहे काय? आपल्या लोकांच्या पाकिटात काय असते ते पाहू. पहिले, जनधन खात्याचे किंवा साधे रूपे कार्ड. रूपे हे आपल्या देशाचे जाळे आहे, २०१२ साली ते सुरू झाले आणि देशात उत्तम चालते. पण साधे रूपे कार्ड देशापुरतेच असते. परदेशात चालणारा प्रकार वेगळा, त्याला रूपे ग्लोबल म्हणतात, आणि तोही ज्या यंत्रावर त्याच्याशी जोडलेल्या परदेशी जाळ्याची खूण असेल तिथेच चालतो. दुसरे, जिल्ह्यातल्या नागरी सहकारी बँकेचे किंवा पतसंस्थेचे कार्ड. सहकाराचा पाळणा आपल्या जिल्ह्यात हलला, प्रवरानगरचा कारखाना इथलाच, त्यामुळे सहकारी बँकेत खाते असणे ही आपल्याकडे घराण्याची रीत आहे. व्यापाराला ती बँक सोयीची आहे, मॅनेजर ओळखीचा असतो. पण यांतल्या बऱ्याच बँकांची कार्डे परदेशी एटीएमवर चालत नाहीत आणि पतसंस्थेची तर मुळीच नाहीत. तिसरे, राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेचे व्हिसा अथवा मास्टरकार्डची खूण असलेले चिपचे कार्ड. परदेशात रोकड काढायला हेच उपयोगी पडते. ही खूण कार्डावर आहे की नाही, एवढे पाहायला कुणाच्या मदतीची गरज नाही.

आता खर्चाकडे येऊ. आपले लोक भाव करण्यात पटाईत. कापड बाजारात मीटरमागे दोन रुपयांसाठी अर्धा तास घालवतील. पण तीच माणसे कार्डाने किती कापून घेतले हे पासबुकात कधी पाहत नाहीत. कापले जाते ते दोन ठिकाणी. एक, चलन बदलाचा आकार, ज्याला बँका मार्कअप म्हणतात. तो साधारण दोन ते साडेतीन टक्के असतो आणि त्या आकारावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. दुसरा, परदेशी एटीएम वापरल्याचा ठोक आकार, तो प्रत्येक वेळी पैसे काढताना लागतो, रक्कम छोटी असो की मोठी.

हिशेब मांडून पाहू. रियाल २४ रुपयांचा धरा, मार्कअप साडेतीन टक्के आणि ठोक आकार १५० रुपये धरा. पाचशे रियाल एकदम काढले तर मूळ रक्कम १२,००० रुपये. मार्कअप ४२० रुपये, त्यावर जीएसटी ७५ रुपये ६० पैसे, ठोक आकार जीएसटीसह १७७ रुपये. एकूण ६७२ रुपये ६० पैसे जादा, म्हणजे शेकडा साडेपाचच्या थोडे वर. हेच पाचशे रियाल एका हाजीसाहेबांनी रोज शंभर-शंभर करून पाच दिवसांत काढले. त्यांचा विचार असा की जवळ जास्त रोकड नको. त्यांना १३८० रुपये ६० पैसे जादा पडले, म्हणजे शेकडा साडेअकरा. आणि ज्याने एकाच वेळी दोन हजार रियाल काढले त्याला शेकडा साडेचार पडले. तेव्हा थोडे थोडे काढणे ही सावधगिरी नव्हे, उधळपट्टी आहे. चार-पाच जणांचे कुटुंब असेल तर एकाने आठवड्याचा खर्च एकदम काढावा आणि तो वाटून ठेवावा.

काही बँका आता मार्कअप न घेणारी डेबिट कार्डे देतात. वरच्या हिशेबात मार्कअप गेला तर दोन हजार रियालमागे जवळपास दोन हजार रुपये वाचतात. मात्र अशा कार्डाच्या जाहिरातीत 'शून्य आकार' असे मोठ्या अक्षरात लिहिलेले असते, त्यावर भुलू नये. मार्कअप शून्य म्हणजे एटीएमचा ठोक आकार शून्य असे नाही. शिवाय वार्षिक फी आणि खात्यात ठेवायची किमान शिल्लक वेगळीच. तिकडची बँक स्वतःचा काही आकार लावत असेल तर तो यंत्राच्या पडद्यावर दिसतो. कार्ड घेण्यापूर्वी बँकेच्या दरपत्रकाची प्रत मागून घ्यावी. तोंडी उत्तरावर कधीही समाधान मानू नये. गिऱ्हाईक आपल्याकडे कोटेशन मागते, आपण बँकेकडे का मागू नये?

आणखी एक फसगत यंत्राच्या पडद्यावर होते. पैसे काढताना यंत्र विचारते, रक्कम रियालमध्ये वजा करू की भारतीय रुपयांत? आपला माणूस आनंदाने रुपये निवडतो, कारण ओळखीचे चलन दिसले. पण त्या क्षणी चलन बदलण्याचा दर तिकडची यंत्रवाली बँक ठरवते, आणि तो दर तिच्या सोयीचा असतो. रियालच निवडावा. म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने हिशेब होतो आणि तो बाजारभावाच्या बराच जवळ असतो. दुबईत दिरहम, लंडनमध्ये पौंड, कुठेही गेलात तरी त्या मुलखाचेच चलन निवडायचे. दुकानात कार्ड घासतानाही हाच प्रश्न येतो आणि उत्तरही हेच.

रियालबद्दल एक गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. १९८६ पासून एका डॉलरला पावणेचार रियाल हा दर पक्का बांधलेला आहे. अमिरातीचा दिरहमही १९९७ पासून डॉलरला तसाच बांधलेला. म्हणजे रियाल महाग झाला असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात डॉलरपुढे रुपया उतरलेला असतो. हज सहा महिन्यांवर असेल आणि रुपया घसरत असेल तर आधीच रियाल भरून ठेवण्यात अर्थ आहे. इथे फॉरेक्स कार्ड उपयोगी पडते.

फॉरेक्स कार्ड म्हणजे आधी पैसे भरून घ्यायचे कार्ड. ज्या दिवशी रियाल भरले त्या दिवशीचा दर कायम राहतो. ते तुमच्या खात्याला जोडलेले नसते, त्यामुळे हरवले किंवा कुणी चोरले तर नुकसान कार्डातल्या रकमेपुरतेच. पैसे संपले तर घरून मुलगा नगरात बसून पुन्हा भरू शकतो. तोटेही आहेत. भरताना दरात फरक लावला जातो तो वेगळा, परत आल्यावर उरलेली रक्कम रुपयांत करताना पुन्हा फरक, आणि बराच काळ न वापरल्यास काही ठिकाणी फी लागते. डॉलर भरलेले कार्ड सौदीत वापरले तर चलन बदलाचा आकार पुन्हा पडतो, म्हणून सौदीला जाणाऱ्याने रियालच भरून मागावेत.

मग डेबिट कार्ड घ्यावे की फॉरेक्स? आमचे मत स्पष्ट आहे. चाळीस दिवसांच्या हजला जाणाऱ्याने मुख्य खर्चासाठी रोख रियाल आणि फॉरेक्स कार्ड न्यावे आणि अडीअडचणीला डेबिट कार्ड ठेवावे. पंधरा दिवसांच्या उमऱ्याला किंवा आठवड्याच्या व्यापारी फेरीला फॉरेक्सचा खटाटोप नको, मार्कअप न घेणारे डेबिट कार्ड पुरे. पण दोन्ही बाबतीत डेबिट कार्ड दुकानाच्या खात्याचे नसावे, यावर आमचा फार भर आहे. एक वेगळे छोटे खाते उघडावे आणि त्यात प्रवासापुरतीच रक्कम टाकावी. तुमच्या दुकानाच्या खात्यात पुरवठादारांचे, कारागिरांच्या मजुरीचे, जकातीसाठी बाजूला काढलेले पैसे असतात. त्या खात्याचे कार्ड जेद्दाच्या बसस्टँडवर हरवले तर एका माणसाचा प्रवास बिघडत नाही, दहा घरांची मजुरी अडते.

सगळा पैसा एका बँकेत ठेवण्याचा धोका नगरकरांना आम्ही सांगावा असे नाही. नगर अर्बन सहकारी बँकेवर डिसेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ४ ऑक्टोबर २०२३ रोजी तिचा परवाना रद्द केला. शतकाहून जुनी बँक, किती व्यापाऱ्यांची पिढीजात खाती त्यात. ठेवींवर विमा आहे, पण तो प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच. अशा वेळी कुणी हजला गेलेला असता आणि त्याची सारी भिस्त त्याच बँकेवर असती, तर त्याने काय केले असते? वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डे, एक पाकिटात आणि दुसरे बॅगेत, एवढे तरी करावेच.

क्रेडिट कार्डाविषयी आम्हाला वेगळे लिहिले पाहिजे, कारण त्यात व्याजाचा प्रश्न येतो. बरीच तरुण मंडळी म्हणतात, आम्ही बिल मुदतीत भरतो, व्याज लागत नाही, मग क्रेडिट कार्डने रियाल काढले तर बिघडले कुठे? बिघडते. खरेदीवर जी बिनव्याजी मुदत मिळते ती रोकड काढण्यावर मिळत नाही. ज्या दिवशी नोट हातात पडली त्या दिवसापासून व्याज सुरू होते आणि रोकड काढण्याची फी वरून निराळी. बिल दुसऱ्या दिवशी भरले तरी एका दिवसाचे व्याज लागतेच. हजच्या खर्चाला व्याजाचा स्पर्श नको म्हणून जो माणूस वर्षानुवर्षे पै-पै जमवतो, त्याने हरमच्या दारात उभे राहून अजाणतेपणी तेच करावे, याहून वाईट काय! ज्या व्यापाऱ्यांच्या चालू खात्यावर ओव्हरड्राफ्टची सोय आहे त्यांनीही जपावे. शिल्लक संपल्यावर तेच डेबिट कार्ड ओव्हरड्राफ्टमधून पैसे देत असेल तर तेही कर्जच. वेगळे खाते उघडा म्हणण्यामागे आमचे हेही एक कारण आहे.

रोख किती नेता येते याबद्दल आपल्याकडे उलटसुलट सांगितले जाते. नियम असा की, सर्वसाधारण परदेशी प्रवासाला एका फेरीत तीन हजार डॉलरच्या किमतीपर्यंतच परकीय नोटा मिळतात, बाकी रक्कम कार्डात घ्यावी लागते. हज आणि उमऱ्याच्या यात्रेकरूंना ही तीन हजारांची अट लागू नाही. त्यांना हज कमिटीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत किंवा पूर्ण हक्काची रक्कम रोख घेता येते. रुपये रोख देऊन परकीय चलन घ्यायचे तर पन्नास हजारांपर्यंतच, त्यापुढे चेकने किंवा खात्यातून. वर्षाला एका माणसाची एकूण मर्यादा अडीच लाख डॉलर, आणि डेबिट व फॉरेक्स कार्डावरचा खर्च त्यात धरला जातो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंतच्या अशा खर्चावर आगाऊ कर कापला जात नाही. आपल्यापैकी फार थोड्यांचा संबंध त्यापुढे येईल. परत आल्यावर उरलेल्या नोटा दोन हजार डॉलरच्या किमतीपर्यंत घरात ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत बँकेला परत करायच्या.

याउलट एक रस्ता आहे, त्याची बाजारात कुजबुज चालते. इथे अमुक दुकानात रुपये द्या, तिथे तमुक माणूस रियाल देईल, दर चांगला, कागद नाही. ही हुंडी-हवाल्याची वाट आहे. परकीय चलनाच्या १९९९ च्या कायद्याचा तो भंग ठरतो आणि गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शेकडा दोन-तीन वाचवण्यासाठी दुकान चौकशीच्या फेऱ्यात घालणे हा शहाणपणाचा सौदा नव्हे. त्यातून आपल्या माणसाची चौकशी जरा जास्तच कसून होते, हे सांगायला नको.

यंत्राने खात्यातून पैसे वजा केले आणि नोटा दिल्याच नाहीत, असेही घडते. देशात असे झाले तर सप्टेंबर २०१९ च्या आदेशाप्रमाणे बँकेने पाच दिवसांत पैसे परत करायचे, नाहीतर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची. पण हा आदेश देशांतर्गत व्यवहारांपुरता आहे. परदेशातील यंत्रावरचा वाद व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या रीतीने चालतो आणि त्याला आठवडे लागतात. म्हणून यंत्राची पावती फेकू नका, यंत्र कोणत्या बँकेचे, कुठले, किती वाजता, हे लिहून ठेवा आणि त्याच दिवशी आपल्या बँकेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, फी लागत नाही.

पिनविषयी एक शब्द, तोही आमच्या डोळ्यांदेखत घडलेल्या प्रकारावरून. गर्दी असते, डोळ्यांना कमी दिसते, चाचा सरळ कार्ड आणि पिन दोन्ही तांड्यातल्या एखाद्या तरुणाच्या हातात देतात, "बेटा, पाचशे काढून आण." तरुण बहुधा प्रामाणिक असतो. पण रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे खातेदाराने स्वतः पिन दुसऱ्याला दिला असेल तर तक्रार करेपर्यंतचे सारे नुकसान खातेदाराचे. उद्या काही कमी-जास्त झाले तर चाचांचे पैसेही जातील आणि त्या निष्पाप तरुणावर आळही येईल.

ही गोष्ट आपल्या मायबहिणींच्या बाबतीत जास्त लागू आहे. २०१८ च्या हजपासून पंचेचाळीस वर्षांवरील महिलांना मेहरमशिवाय गटाने जाण्याची परवानगी मिळाली. शिवणकाम करून, चुडीच्या दुकानावर बसून पैसे जमवलेल्या विधवा भगिनी या वाटेने जातात. त्यांच्याकडे असते ते जनधनचे रूपे कार्ड. त्यांना निघण्याआधी दोन महिने चालणारे कार्ड घेऊन देणे, ते स्वतःच्या हाताने वापरायला शिकवणे, हे मुलाचे, भावाचे, आणि कुणी नसेल तर मोहल्ल्याचे काम आहे.

दुबईला किंवा चीनला माल पाहायला जाणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंना वरचे सगळे लागू आहेच. दुबईत काही दुकानांत आता यूपीआय चालते, पण त्याने हातात नोटा येत नाहीत. चीनमध्ये तर बाजारात मोबाईलवरच देणे-घेणे चालते, त्यासाठी आपले व्हिसा किंवा मास्टरकार्ड तिथल्या ॲपला इथूनच जोडून घेतलेले बरे.

हजच्या प्रशिक्षण शिबिरांबद्दल मात्र आम्हाला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. ही शिबिरे मेहनतीने होतात, उलेमा तळमळीने अरकान शिकवतात. पुठ्ठ्याचा काबा करून तवाफ दाखवला जातो. मग त्याच मांडवाच्या कोपऱ्यात एक टेबल का असू नये? मुकुंदनगरपासून संगमनेरपर्यंत बँकेत नोकरी करणारी आपली मुले आहेत. त्यांच्यापैकी दोघांनी एक दिवस बसावे, प्रत्येक हाजीचे कार्ड हातात घेऊन त्यावरची खूण पाहावी, परदेशी वापर सुरू आहे की नाही ते तपासावे, नसेल तर तिथेच हाजीच्या स्वतःच्या मोबाईलवरून सुरू करून द्यावे, मर्यादा ठरवून द्यावी, आणि कार्ड हरवल्यास फोन करायचा क्रमांक कार्डापासून वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून द्यावा. मग बाहेरच्या एटीएमवर नेऊन प्रत्येकाकडून त्याच्याच हाताने शंभर रुपये काढून घ्यावेत. ज्याला पिन आठवणार नाही त्याचे ते नगरातच कळेल. येत्या शिबिरात आयोजकांनी जागा दिली तर जोहरच्या नमाजनंतर त्या टेबलावर आम्ही स्वतः बसायला तयार आहोत, आणि आमच्याबरोबर ते फळांचे व्यापारीही येणार आहेत. त्यांनी आता व्हिसाचे कार्ड घेतले आहे आणि त्याचे बटण कुठे असते ते त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.